झाडाच्या वयाचा ठराव

झाडाचं वय किती धरायचं, यावर हात वर करून मतदान घ्यायचं ठरलं, तेव्हा इतिहासाच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

खोली कुलसचिवांची. पंखा गरगरत होता, पण वारा त्यांच्या एकट्याच्याच अंगावर येत होता. पंख्यालाही ज्येष्ठता कळते. टेबलाभोवती विद्यापीठाची इतिहास समिती बसली होती. हीच मंडळी दुसऱ्या एका समितीवर असताना त्यांनी एका दिवंगत प्राध्यापकांची रजा नामंजूर करून त्यांना ताबडतोब कामावर हजर व्हा असं कळवलं होतं. प्राध्यापक हजर झालेही होते आणि मुकाट्याने पेपर तपासून गेले, असं शपथेवर सांगणारे लोक कँटीनमध्ये अजून भेटतात.

भांडण होतं एका वाक्याचं. विद्यापीठाला साठ वर्षं होत होती आणि त्याचा इतिहास बाईंनी लिहिला होता. त्यापायी त्यांनी तीन वर्षं कपाटांची धूळ खाल्ली होती. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि नावावर पुस्तक म्हणाल तर हे एवढंच. त्यातलं पहिलं वाक्य असं होतं, की विद्यापीठाचा पहिला वर्ग उघड्या माळावर भरला.

समितीला तो झाडाखाली भरायला हवा होता. कारण उघड होतं. पदवीच्या कागदावर झाड, ग्रंथालयाच्या शिक्क्यावर झाड, बसच्या दारावर झाड. कुलगुरूंची प्रस्तावना तर 'या वृक्षाच्या साक्षीने' अशी सुरू होऊन छापूनही आली होती.

वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आधी झाडाला प्रदक्षिणा घालून सांगितलं होतं, की हे फार तर पन्नाशीचं असेल. कुलसचिवांनी शांतपणे ते लेखी मागितलं. सरांच्या बढतीचा कागद त्याच टेबलावर, पेपरवेटखाली निजला होता. सर म्हणाले, झाडांचं तसं काही खात्रीने सांगता येत नाही. काही झाडं अंगाने लहानच दिसतात. मतदानाच्या वेळी त्यांनी मान खाजवायला हात उचलला, तोही बाजूने मोजला गेला. झाडाचं वय साठाहून कमी नाही, असा ठराव संमत झाला. बाहेर झाडाला त्याचा पत्ताही नव्हता.

"ठरावाने झाड म्हातारं होत नाही," बाई म्हणाल्या.

"मॅडम, या विद्यापीठात सगळंच ठरावाने होतं," कुलसचिव म्हणाले.

मग बाईंनी आपला हुकमी पत्ता काढला. पहिल्या वर्गातला एक विद्यार्थी अजून हयात होता आणि बाहेर बाकावर बसला होता. बाईंचेच वडील. बाईंचं सगळं लहानपण त्यांच्या तोंडून एकच ऐकण्यात गेलं होतं: कसलं झाड नि कसलं काय, बोडका माळ होता, सावली हवी असली तर आपल्याच पायाशी शोधायची.

वडील काठी टेकत आत आले. इस्त्रीचा सदरा, ताजी दाढी. त्यांना चांगलं ऐकू येत होतं, तरी कुलसचिव ओरडून बोलले.

"आजोबा, पहिला वर्ग कुठे भरला होता?"

कुलसचिवांच्या मागे भिंतीवर पहिला वर्ग घेणाऱ्या सरांचं चित्र होतं. कोणा चित्रकाराने सरांच्या मागे डेरेदार झाड काढून त्यांना त्याच्या गार सावलीत बसवलं होतं. वडील ते बराच वेळ बघत राहिले.

"झाडाखाली," ते म्हणाले.

बाईंच्या हातातलं टोपण टेबलाखाली घरंगळलं. वडील मात्र सुटलेच. झाड केवढं, फांद्या कशा, वरच्या घरट्यातल्या घारीलाही धडा कसा पाठ झाला होता, सगळं त्यांनी असं रंगवलं की वनस्पतिशास्त्राच्या सरांनी टिपून घेतलं. दुरुस्त वाक्य संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर लेखक म्हणून समितीचंच नाव जाईल, एवढं सांगून कुलसचिवांनी बैठक संपवली.

बाई तरातरा बाहेर पडल्या. वडील मागे राहिले आणि आवारातल्या त्याच झाडाच्या पारावर जाऊन बसले. बाईंना परत यावं लागलं.

"घरी एक आणि इथे एक. तोंडावर पाडलंत मला, बाबा."

"पाडलं खरं."

"का पण?"

वडिलांनी काठी गुडघ्यांमध्ये धरली.

"सरांकडे एकच छत्री होती. ती ते आम्हाला देत. आम्ही सात-आठ जण तिच्याखाली डोकी खुपसून बसायचो आणि सर बाहेर उभे राहून शिकवायचे. अख्खा उन्हाळा. मग एकदा शिकवता शिकवताच खाली बसले. दुसऱ्या वर्षी आलेच नाहीत. नंतर आम्हीच सांगायला लागलो, झाड होतं म्हणून. मग हे आणून लावलं. बाकीचे गेले आता. मी एकटा उरलो, आणि मीच त्यांना पुन्हा उन्हात उभं करू?"

"हे मला आजवर कधी सांगितलं नाहीत."

"तू झाडाचंच विचारायचीस."

"मग मी आता लिहू काय?"

"ते तू बघ. मी माझी साक्ष दिली."

बाईंचा राग काही गेला नव्हता. बगलेतली फाईल त्यांनी आणखी घट्ट धरली. ऊन कलून पाराच्या कडेवर आलं होतं आणि त्या नेमक्या त्यात उभ्या होत्या. वडिलांनी काठी उचलून पलीकडे ठेवली आणि थोडे सरकले.

"इकडे ये. डोकं तापेल."

बाई फाईल डोक्यावर धरून माळ जिथे संपत होता तिकडे बघत राहिल्या, आणि शेवटी सावलीत येऊन बसल्या. पेन काढलं. टोपण त्याला नव्हतंच.