बगळ्याची मान

बसा हो, टेका निवांत. आमच्या बगळ्याची गोष्ट सांगतो, ऐकता ऐकता तुमचीच मान अवघडली तर मला बोल लावू नका.

बगळ्या हे दोस्तांनी ठेवलेलं नाव. मान लांब, आणि सदा दुखरी. घरी बसून दिवसभर संगणकात विम्याची बिलं भरायचा. मान धरली की उठायचा, फेऱ्या मारायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. उशा बदलल्या, पट्टा बांधला, पडद्याखाली विटा रचल्या.

"आता छतालाच टांगा तो डबा," बायको म्हणाली. "सोबत तुम्हीही लटका, म्हणजे मान सरळ होईल."

टेबलाच्या डाव्या हाताला आईची खाट. लकव्यानं वाचा गेलेली, एक बोट तेवढं हलायचं. बोट उचललं, की बगळ्यानं उठून पाणी पाजायचं.

आईला व्यायाम द्यायला एक ताई यायची. बगळ्यानं तिच्यापाशीही रडगाणं गायलं. "ताठ बसतो हो ताई, अगदी नाकासमोर बघतो. तरी ठणकते."

ताई आईचा हात हलवता हलवता त्याच्याकडे बघत राहिली. मग फिसकन हसलीच. "कसलं नाकासमोर, दादा? घटकेघटकेला मान इकडं वळतेय तुमची!"

"माझी? छट्!" म्हणत तो वळला, तो डावीकडेच. आईच्या ओठाचा एक कोपरा हलला. किती दिवसांनी हलला होता!

मग टेबलच फिरवलं. विटा काढल्या. पडद्याच्या वरून आई थेट समोर. मान अशी मोकळी झाली, की गडी काम करताना शीळ घालायला लागला.

वर्ष सरलं नाही तोवर आई गेली. खाट काढली.

आता काय, मान मोकळी, माणूसही मोकळा. तरी टाइप करता करता हात थांबतात. नजर वर जाते. समोर भिंत. उठतो, फेऱ्या मारतो, बसतो, पुन्हा उठतो.

"मान दुखतेय का हो?" बायको विचारते.

"मान नाही गं," म्हणतो, आणि भिंतीकडे बघत राहतो.

 ती संध्याकाळी कामावरून आली की खाटेच्या जागी खुर्ची ओढून भाजी निवडत बसते. तेवढा वेळ गडी जागचा हलत नाही. पण दुपार खायला उठते त्याला.

तुम्ही दुपारचे रिकामेच असता ना? मग जा की एकदा. त्या खुर्चीत बसा. आईचा विषय काढू नका. तहान नसली तरी चालेल, पण त्याच्याकडे पाणी मागा.