बारवेची राखण

मानमोडीच्या तापानं घरटी एकेक माणूस नेलं आणि त्याच साली पावसानं तोंड फिरवलं. शिरूर कासारच्या वर, डोंगराला खेटून वसलेल्या दगडवाडीत चैत्राच्या आधीच विहिरींचे तळ उघडे पडले. पाणी म्हणावं असं दोनच जागी राहिलं. एक सिंदफणेच्या वाळूत खणलेला झिरा. तो लांब, आणि तिथं वाटीवाटीनं घागर भरता भरता अर्धा दिवस जायचा. दुसरी महादेवाच्या देवळापुढची बारव. तिच्या तळच्या पायऱ्यांवर अजून काळंभोर पाणी होतं आणि गाव त्याच्याच जिवावर तग धरून होतं.

अशात जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा दौरा निघाल्याची खबर आली. साहेब डोंगरात शिकार करणार, मग दगडवाडीच्या माळावर डेरे पडणार. घोडी, उंट, खानसामे, शिपाई, सगळा लवाजमा. पाटील विठ्ठलरावांनी दवंडी पिटवली, साहेबांचा मुक्काम उठेपर्यंत बारवेतून कुणी थेंबभर पाणी काढायचं नाही.

गाव हळहळलं, पण चावडीवर जाऊन विचारायला कुणी धजलं नाही. "वरचा हुकूम हाय बाबा," असं एकमेकांना सांगत जो तो घरी गेला. वेशीबाहेरचा बंकट तेवढा हसला. त्याच्या लोकांना बारवेच्या पायरीवर पाय ठेवायची कधीच मुभा नव्हती. वरून कुणी ओतलं तर त्यांची घागर भरायची. "आता सगळ्या गावालाच कळंल," तो म्हणाला, "रिकामी घागर घेऊन उभं ऱ्हानं कसं असतंय ते."

राखणीला पाटलांनी आश्रुबाला बोलावलं.

आश्रुबा हा कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर राबणारा साधा कुणबी. समोरून कुणी आलं की वाट सोडून कडेला उभा राहणारा. चावडीत त्याला आजवर कुणी बस म्हटलं नव्हतं. त्या दिवशी पाटलांनी त्याला घोंगडीवर बसवलं, पानाचा विडा पुढं केला.

"आश्रुबा, गावात इमानी माणूस हुडकाया निघालो तर तूच सापडला बघ. दुसरं कोनी बसवलं तर सोयऱ्याधायऱ्याला पानी सोडंल. तू सोडनार न्हाईस."

"न्हाई सोडनार मालक," आश्रुबा म्हणाला, आणि त्याचा ऊर भरून आला.

हातात वेताची काठी आणि खांद्यावर लाल पट्टा घेऊन तो घरी आला, तेव्हा त्याची बायको छबुबाई चुलीपुढं बसली होती. तिनं त्याला खालून वर पाहिलं.

"कावून घेतलं हे?"

"अगं, पाटलांनी इस्वासानं देलं."

"इस्वास सोताच्या गड्यावर न्हाई व्हय त्यांचा?"

पट्टा अंगावर कसा दिसतो, हे आश्रुबाला बघावंसं वाटत होतं, पण घरात आरसा नव्हता.

पहिल्या दिवशी बारवेच्या काठावर बसताना त्याला धास्तीच होती. बाया आल्या, भांडल्या, तर काय करायचं? मनाशी त्यानं ठरवूनही टाकलं होतं, दहापाच जणी एकदम उतरल्या तर बाजूला व्हायचं. इतक्या जणींपुढं एकट्यानं काय करायचं, असं पाटलांना सांगता आलं असतं. पण तशा कुणी आल्याच नाहीत. बाया यायच्या, लांब उभ्या राहायच्या, पाण्याकडं आणि एकमेकींकडं बघायच्या आणि झिऱ्याच्या वाटेला लागायच्या. ज्यांनी जन्मात कधी ओळख दाखवली नाही, ते बाप्ये जाता येता "राम राम आश्रुबा" करू लागले. हळूहळू धास्ती गेली. चारआठ दिवसांत तो काठी आपटून बोलायला शिकला.

तिन्हीसांजेला पाटलांचा गडी दोन घागरी भरून न्यायचा. पहिल्यांदा आश्रुबा उठला. गडी थांबलासुद्धा नाही. "वाड्याला कुठला हुकूम बे?" म्हणाला. आश्रुबा खाली बसला. मग रोज त्या वेळेला तो देवळाच्या कळसाकडं तोंड करून बसू लागला.

घरी गाय तहानेनं खुंट्याशी बसली, ती उठेना. छबुबाई बारवेवर आली. कुणी नव्हतं.

"अवं, एक घागर. गायीच्या तोंडापुरती."

"घरच्यालाच देलं तर मी कोन्या तोंडानं बसू हितं?"

"वाड्यावर जातंय ते दिसत न्हाई का तुमाला?"

"ते मालक हायेत."

छबुबाईनं घागर काखेत मारली. "मालक तर तुमीबी झालात आता," एवढं बोलून ती झिऱ्याकडं गेली. गाय त्याच आठवड्यात गेली. आश्रुबाला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याला थोडा अभिमानही वाटला. आपण स्वतःच्या गायीलाही सूट दिली नाही, ही गोष्ट पाटलांच्या कानावर जाईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

मग एका दुपारी बायनाबाई आली.

बायनाबाई म्हातारी होती, आश्रुबाच्या आईच्या माहेरची. मुलगा मानमोडीत गेलेला, सून अंजना नुकतीच बाळंत झालेली. झिऱ्यापर्यंत म्हातारीचे पाय जात नव्हते आणि ओल्या बाळंतिणीला धाडायचं तिच्या जिवावर येत होतं. देवळाच्या ओट्यावर सावलीला माणसं बसली होती, किराणा दुकानवाले गुरुलिंग अप्पा, रामकिसन, आणखी काही. त्यांच्या देखत म्हातारी सरळ आली आणि पायऱ्या उतरू लागली.

"मावशी, थांब," आश्रुबा म्हणाला.

"थांबीव की मंग. हात धर माजा."

त्यानं हात धरला नाही. म्हातारी एकेक पायरी बसत, टेकत खाली गेली. घागर बुडताना बुडबुड आवाज झाला. कितीतरी दिवसांत गावानं तो आवाज दिवसाउजेडी ऐकला नव्हता. ओट्यावरचं बोलणं थांबलं.

घागर डोक्यावर घेऊन ती वर येऊ लागली. आश्रुबानं ओट्याकडं पाहिलं. एकानं नुसतं "जाऊ दे रे म्हातारीला" म्हटलं असतं, तरी त्याला पुरे होतं. त्याच शब्दांची तो वाट बघत होता. गुरुलिंग अप्पांनी मान खाली घालून कपाळावरचा भस्माचा पट्टा चाचपला. आणि रामकिसन मोठ्यानं म्हणाला, "हिला सोडलंस तर आमी काय येडे म्हून बसलोत तहानेले? आमच्या बाया झिऱ्यावर मरतेत!"

"व्हय, सगळ्यांला एकच कायदा पायजे," आणखी कुणी म्हणालं.

बायनाबाई वरच्या पायरीपर्यंत आली होती. तिनं आश्रुबाच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या नजरेत ना राग होता, ना विनवणी. आश्रुबाची काठी उठली आणि घागरीवर बसली.

घागर फुटली तशी म्हातारीचा तोल गेला, आणि ती चार पायऱ्या खाली घसरली. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. पाणी पायऱ्यांवरून ओघळू लागलं, तशा नेहमीसारख्या लांब उभ्या असलेल्या बाया धावल्या. पण त्यांतल्या निम्म्या म्हातारीकडं गेल्या आणि निम्म्या पाण्याकडं. सांडलेल्या पाण्याला हुकूम लागू नव्हता. त्यांनी पदर भिजवून आपापल्या घागरीत पिळले, दगडाच्या खाचांतलं ओंजळीनं उचललं. आश्रुबा काठी धरून उभाच होता. ओट्यावरची माणसं एकेक करून उठून गेली.

साहेब काही आले नाहीत. दौरा केजकडं वळला, युसूफ वडगावला मुक्काम पडला, असं बाजारकऱ्यांनी सांगितलं. आश्रुबा धावत चावडीवर गेला.

"मालक, आता सोडू का पानी?"

"वरून कागद आल्याबिगर? उद्या साहेब उलटले तर तू देनार व्हय जबाब?"

तो परत येऊन बसला. आता त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, पण पाणीही कुणी काढत नव्हतं. बिनवापरानं आणि उन्हानं बारवेच्या पाण्यावर हिरवी साय धरली; वास सुटला. पाटलांचा गडीही यायचा बंद झाला.

वैशाखात तहसिलीचा जमादार घोड्यावरून आला. बारवेशी थांबून त्यानं घोडं पाण्याला नेलं. घोड्यानं हुंगलं आणि मान वळवली.

"ये क्या हाल किया पानी का?" जमादारानं विचारलं. कुणीतरी हुकुमाचं सांगितलं, तेव्हा तो लगबगीनं आलेल्या पाटलांकडं बघून हसला. "आमी नुसतं कळवलं हुतं, साहेबाच्या घोड्यांपुरतं पानी ठिवा म्हून. रयतेनं पिऊ नये, असं कोन बोललं?"

विठ्ठलरावांनी पागोटं सारखं केलं. "राखन करा म्हनलो हुतो हुजूर. लोकांनीच लई ताणलं." मग आश्रुबाकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हातारीला पाड म्हून मी सांगितलं हुतं का रे तुला?"

"न्हाई मालक," आश्रुबा म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

त्या दिवशी तो बायनाबाईच्या घरी गेला. अंजना तान्ह्याला घेऊन दाराशी बसली होती. तिनं अंग चोरून त्याला आत जाऊ दिलं. म्हातारी बाजेवर चिपाडासारखी पडली होती. तो तिच्या पायाशी बसून रडला.

"उगी, उगी," ती म्हणाली. "तुजा राग न्हाई रे. तू मारशील हे मला ठाव हुतं."

"मंग कावून उतरलीस, मावशी?"

"मला वाटलं, मी उतरले की मागनं कोनीतरी उतरंल." तिनं अंगावरचा पदर सारखा केला. "खाली पानी भरताना मागं वळून बगितलं मी. कोनीच नव्हतं."

आठवड्याभरात ती गेली. तिला न्यायला सगळं गाव आलं. रामकिसननं खांदा दिला, गुरुलिंग अप्पांनी पदरचं कापड आणलं, पाटलांनी लाकडं धाडली. आश्रुबा मागं मागं चालत होता. त्याला कुणी "ये" म्हटलं नाही, की "जा" म्हटलं नाही.

जेठात सांगावा आला, सरकारी सडकेच्या कामावर घरटी एक माणूस, बिनमजुरीनं. आणि त्या माणसांवर नजर ठेवायला पाटलांनी आश्रुबाला बोलावलं होतं.

छबुबाई दारात आडवी उभी राहिली. "न्हाई म्हना. एकदा तरी म्हना. काय करतेत बगू."

आश्रुबा उंबऱ्याच्या आत बसून होता. न्हाई म्हणायचं त्याच्या मनात होतं. तो शब्द कसा उच्चारायचा, कुठं बघून बोलायचा, हेही त्यानं मनात घोळवून पाहिलं. आपण न्हाई म्हटलं तर दुसरा कुणी जाईल, बहुतेक रामकिसन. आणि मग आपल्याला दगड फोडावे लागतील, त्याच्या नजरेखाली. बाहेर निरोप्या खाकरला.

"निघतो का, आश्रुबा?"

"आलो," तो म्हणाला. छबुबाई बाजूला झाली. तिच्या चेहऱ्याकडं त्यानं पाहिलं नाही.