चिंधीचं पथ्य

माझा भाऊ शिंपी आहे. गल्लीतले सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी त्याची थोरली बहीण, म्हणून मला सगळे ताई म्हणतात, अगदी माझ्याहून म्हातारी माणसंसुद्धा. भावजय गेली तेव्हा मी चार दिवसांसाठी म्हणून इथे आले ती राहिलेच. खाली दुकान आणि वर दोन खोल्या. मास्तरला स्वतःचा चहासुद्धा धड करता येत नाही, पण माणूस दारात उभा राहिला की त्याचा कुठला खांदा उतरता आहे ते हा टेप न लावता सांगतो.

चिंधी ही आमची कुत्री. खरं तर भावजयीची. मशीनजवळ कापडाच्या तुकड्यांची एक टोपली असते. भावजयीनं एकदा ती झाडायला म्हणून बाहेर ठेवली आणि परत आत आणली, तर तुकड्यांत हे एवढंसं पिल्लू झोपलेलं. म्हणून नाव चिंधी. मोठी झाली तरी बाईसाहेबांनी टोपली काही सोडली नाही. तिच्या अंगावर तुकडे पडू नयेत म्हणून मास्तर ते खाली जमिनीवर टाकायला लागला. कुत्री टोपलीत आणि चिंध्या जमिनीवर, असा आमच्या दुकानाचा उलटा कारभार. झाडू मारून मारून माझी कंबर मोडायची आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, पण मास्तर ढिम्म हलायचा नाही.

भावजय गेल्यावर हा बोलायचाच बंद झाला. माझ्याशी 'हो', 'नको', 'ठेव तिथे', एवढंच. बाकी जे काही बोलायचं ते चिंधीशी. कुठल्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय, कुठलं कापड धुतल्यावर आटणार, आज भावजय असती तर काय म्हणाली असती, सगळं तिला सांगायचा. मला राग यायचा. सख्खी बहीण वर भाकरतुकड्याचं बघतेय आणि मनातलं कुत्रीला! पण तो बोलतोय हेच खूप होतं. ती नसती तर माझा भाऊ भावजयीच्या मागोमाग गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मास्तरला मधुमेह निघाला आणि त्याच सुमारास चिंधी इतकी सुटली की टोपलीतून उठताना टोपलीही तिच्याबरोबर उठायची. आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी, बोलायला गोड, हाताला हलकी. तिनं नीट समजावलं. कांदा-लसूण कच्चा नको आणि शिजवलेलाही नको. द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांचा तर तुकडाही नाही, ते कुत्र्याला विष. गाजर, काकडी, उकडलेला भोपळा, मोकळा भात खुशाल द्या.

"आणि गिऱ्हाइकं हिला बिस्किटं भरवतात ना, ती बंद. हिचं गोड एकदम बंद," ती म्हणाली.

"म्हणजे माझ्यासारखंच?" मास्तरनं विचारलं.

ती हसली. "हो मास्तर, अगदी तुमच्यासारखंच पथ्य."

एवढ्या एका वाक्यानं माझ्या भावात जीव आला. आपल्या जोडीला कुणीतरी आहे असं त्याला वाटलं असावं. भावजय असताना दोघं एका ताटात जेवायची, आता हा आणि चिंधी एका पथ्यावर. मी कांदा चिरायला बसले की हा डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा. एक फोड उडाली तर गुडघ्यावर बसून शोधायचा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मुलीनं चिंधीसमोर चॉकलेट धरलं, तर यानं ते असं हिसकावलं की पोर भोकाड पसरून रडली आणि तिची आई कापड घेऊन गेली ती परत फिरकली नाही. मास्तरला त्याचं काही नाही. गाजराचे तुकडे करायचा तेही सगळे सारखे, जणू शर्टाला बटणं लावायची आहेत. स्वतःही तेच खायचा, तिच्यासमोर बसून.

त्या दिवशी तो रक्त तपासून आला तो हसतच. साखर उतरली होती. औषधाच्या दुकानातल्या माणसानं त्याला एक डबी दिली होती. बिनसाखरेच्या गोळ्या, रंगीत, चघळायच्या.

"खाऊन बघ, ताई. साखरेचा कण नाही आणि लागतात कशा बघ! जिभेला वाटतं, सण आहे."

मी एक तोंडात टाकली. गोड होती खरी. भावाला असं हसताना मी किती काळानं बघत होते, मग मी कशाला काही बोलतेय?

"चल गं चिंधे," तो म्हणाला, "आपल्या दोघांना चालतं हे."

मी वर गेले. दुपारभर खालून आवाज येत होता. मशीन चालायचं, थांबायचं, डबीचं झाकण टक् करून वाजायचं, मग परत मशीन. बिस्किटाचा तो पूर्वी तिला कोपरा मोडून द्यायचा, तोही घाबरत घाबरत. यात साखरच नाही म्हटल्यावर हात कशाला आखडता घ्यायचा? मी भाजी निवडत ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं.

दिवस कलला तेव्हा त्याची हाक आली. असली हाक मी भावजयीच्या वेळी ऐकली होती. मी धावत खाली आले. चिंधी टोपलीतून बाहेर आली होती, ओकली होती आणि उभी राहायला बघत होती, पण पाय तिचं ऐकत नव्हते. मास्तरनं तिला अर्धवट शिवलेल्या कोटात गुंडाळलं आणि तसाच निघाला. कुणाचा कोट होता देव जाणे.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि घाईघाईनं तिच्या पायाला सलाईन लावली.

"साखर फार खाली गेलीय हिची. साखरच देतेय मी."

"अहो, नको!" मास्तर बाईंचा हात धरायलाच धावला. "गोड बंद आहे तिचं!"

"मास्तर, आत्ता लागणार आहे. काय खाल्लं हिनं आज?"

"पथ्याचंच. भात, गाजर. गोड काही नाही, तुमची शपथ."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही तेच सांगितलं. खोटं नव्हतं ते. आमच्या डोक्यात गोड म्हणजे साखर, आणि साखर तर त्यात नव्हतीच.

रात्रभर तिला तिथेच ठेवलं. सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती डोळे उघडून होती, पण डोळे पिवळे पडले होते. मास्तर आत तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला. बाहेरच्या बाकावर त्याची पिशवी होती, तिच्यातून त्यानं माझ्यासाठी ठेवलेला पाव मी काढायला गेले तर डबी खाली पडली. डॉक्टरीणबाईंनी ती उचलून दिली, आणि देता देता हात मागे घेतला. त्यांनी मागचं बारीक छापलेलं वाचलं.

"ताई, या दिल्या होत्या तिला?"

"हो. पण त्यात साखर नाही."

त्या माझ्या शेजारी बसल्या. साखरेऐवजी यात जे घालतात त्यानं माणसाला काही होत नाही, म्हणाल्या. कुत्र्याला ते विष. आधी रक्तातली साखर एकदम पडते, मग लिव्हर जातं. आता लिव्हर गेलं होतं. "मी बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखंच पथ्य, असं मी म्हटलं. माझ्या मनातही आलं नाही, की..."

दुपारी चिंधी गेली. मास्तरनं तिच्या कानामागे बोट फिरवणं थांबवलं नाही, म्हणून आम्हाला जरा उशिराच कळलं. मग त्यानं मान वर करून विचारलं, "माझ्याकडून पथ्य चुकलं नाही ना, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. हात जोडले म्हटलं तरी चालेल.

"नाही, मास्तर. मी सांगितलं तसंच केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "तिचं लिव्हर गेलं होतं."

डबी मी वाटेतच कचऱ्यात टाकली. मनाशी म्हटलं, चिंधी तर गेली, आता भाऊ तरी वाचू दे. हे मी पोटात ठेवीन आणि मरताना बरोबर घेऊन जाईन.

मास्तर परत मशीनवर बसला. टोपली होती तिथेच, रिकामी, आणि तुकडे तो अजून जमिनीवरच टाकायचा. मी झाडत राहिले, पण तोंडाचा पट्टा बंद होता. गिऱ्हाइकं विचारायची, कुत्री दिसत नाही? हा सांगायचा, "गेली. पण शेवटपर्यंत तिला गोडाचा कण दिला नाही मी. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, सगळं बरोबर केलंत." प्रत्येकाला हेच. सांगताना पाठ ताठ व्हायची त्याची. त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. मी मूग गिळून आत जायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची.

शेजारी इस्त्रीवाल्या बाईंचं दुकान आहे. त्यांच्या मुलीनं कुठून तरी एक पिल्लू आणलं, कान लांब आणि अक्कल आखूड. ते आमच्या दारात येऊन दोऱ्यांशी मारामारी करायचं. आधी मास्तर त्याच्याकडे बघायचाही नाही. मग एक दिवस मला खालून आवाज आला. "अरे गाढवा, ते रीळ आहे, उंदीर नव्हे." तो बोलत होता. माझं काळीज सुपाएवढं झालं. मी चहा टाकला आणि दोन कप घेऊन खाली आले.

मास्तर स्टुलावर वाकून बसला होता. पिल्लू मागच्या पायांवर उभं. मास्तरच्या हातात नवी कोरी डबी होती.

"ती कुठे हरवली कुणास ठाऊक, म्हणून दुसरी आणली," तो मला म्हणाला, आणि मग पिल्लाला, "घे. यात साखर नाही हो. आमच्या चिंधीला फार आवडायच्या."

कप माझ्या हातातून कधी पडले मला कळलं नाही. मी पिल्लाला पकडून छातीशी धरलं.

"काय झालं तुला?" मास्तर रागावला. "साखर नाहीये, वाच हवं तर."

काहीतरी थाप मारता आली असती. पिल्लू लहान आहे, बाईंना चालणार नाही, काहीही. पण मी दिवसभर वर असते आणि हा दिवसभर खाली. मास्तरला द्यायची सवय, आणि पिल्लाला खायची.

"मास्तर," मी म्हटलं. लहानपणी त्याला ज्या नावानं हाक मारायचे तेच तोंडात आलं होतं, पण बाहेर आलं नाही. "यानंच गेली ती."

त्याला समजलं नाही. मी परत सांगितलं. साखरेऐवजी जे घालतात ते, लिव्हर, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, सगळं. तो डबीकडे बघत राहिला. चहा वाहत वाहत त्याच्या चपलेपर्यंत गेला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणून बाई तुझ्याकडे बघत होत्या."

"हो रे."

त्याचा चेहरा मला बघवेना. भावजय गेली तेव्हाही असा झाला नव्हता. तेव्हा त्यात रडायला जागा तरी होती. मला वाटलं, मी पिल्लू वाचवलं आणि भाऊ घालवला.

मग तो उठला. माझ्याकडून पिल्लू घेतलं, दुसऱ्या हातानं डबी उचलली आणि शेजारी गेला. मी दारातच उभी राहिले. इस्त्रीवाल्या बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"याला बिनसाखरेचं काही देऊ नका," मास्तर म्हणाला. "गोळ्या, बिस्किटं, काही म्हणजे काही नाही. मुलीलाही सांगा."

"का हो मास्तर? साखर नसलेलं तर बरं ना?"

"मलाही तसंच वाटायचं. माझ्या हातानं गेली हो माझी चिंधी. दुपारभर भरवत होतो मी तिला. आणि ती शेपटी हलवत खात होती."

मास्तर परत आला, मशीनवर बसला आणि अपुरी राहिलेली बाही पुढे ओढली. कडेचा तुकडा कापला. हात सवयीनं जमिनीकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यानं तो तुकडा टोपलीत टाकला.