कीड नसलेलं गाव

"आजी, पातेली राहू द्या. आधी हे वाचा," म्हणत हेडमास्तरांनी माझ्या राखेनं भरलेल्या हातांपुढे कागद धरला.

"मला वाचता आलं असतं तर तुमच्या शाळेत पातेली घासत बसले असते का? तुम्हीच सांगा."

"दातांची योजना बंद झाली. सरकारनं निधी थांबवला."

हातातला काथ्याच गळून पडला. तीन वर्षं सरकारी खर्चानं नर्सबाई यायच्या. कीड लागू नये म्हणून पोरांच्या दाढांना लेप लावायच्या, ब्रश वाटायच्या. दुपारची जेवणं झाली की पोरं नळापाशी रांगेनं दात घासायची आणि भिंतीवरच्या खिळ्यांना आपापला ब्रश टांगायची. माझ्या थोरल्या नातीच्या दाढा आल्या तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तिची खालची दाढ पार काळी पडली. धाकटीला नुकतं सहावं सरलं होतं, पक्क्या दाढा आत्ता कुठे वर येत होत्या. पुढच्या महिन्यात तिला लेप लागायचा होता.

"थांबवला कशापायी?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "अहवालात आपल्या गावात कीडच नाही. मग गरज काय, म्हणतात."

कीड कुठे गेली होती ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी हेच मास्तर दारोदार हिंडले होते. "साहेब येणार आहेत, गावाचं हसं नको. ज्यांचे दात खराब, ती पोरं उद्या घरी ठेवा." झाकली मूठ सव्वा लाखाची! आम्हालाही ते पटलं. नऊ पोरं घरी राहिली. थोरलीला मीच शेंगा तोडायला रानात धाडलं. साहेबांनी शाबासकी दिली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. आता बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नातींना घेऊन मी तालुक्याचं ऑफिस गाठलं. वारा असा सुटला होता की रानातली माती थेट डोळ्यांत. साहेबांच्या टेबलापुढे थोरलीला उभी केली.

"तोंड उघड गं. बघा साहेब, ही कीड."

साहेबांनी लांबूनच बघितलं. "ही तपासणीला होती?"

"नव्हती. आम्हीच लपवली. चुकलं आमचं."

"मग ती कागदावर नाही."

"कागदावर नसेल, तोंडात आहे की!"

"आजी, निधी थोडा आहे. जिथे कीड जास्त, तिथे आधी द्यावा लागतो. पुढची तपासणी दोन वर्षांनी."

"आमच्याकडे कमी झाली ती लेपामुळेच ना? बांध आहे म्हणून माती वाहून जात नाही. माती वाहत नाही म्हणून बांध फोडता का तुम्ही?"

साहेब हसले. "बोलता छान तुम्ही. अर्ज ठेवून जा."

असला संताप आला! पण अर्ज लिहायलाही मला दुसऱ्याचेच पाय धरावे लागले. शिपायानं लिहून दिला, मी अंगठा उठवला. साहेबांनी तो एका गठ्ठ्याखाली सरकवला. गठ्ठ्यावर बोटभर धूळ होती.

परतीच्या वाटेवर थोरली गाल धरून चालत होती. शाळेपाशी आलो तर धाकटी पळत जाऊन आपला ब्रश घेऊन आली. केस झिजून चपटे झालेले. नवा आता कोण देणार होतं? नळाखाली वाकून तिनं दात घासले आणि तोंडात बोट घालून मला नवी दाढ दाखवली. तांदळासारखी पांढरी.

"आजी, माझी ही दाढ किडली की नर्सबाई परत येतील ना?"

"चूळ भर," मी म्हणाले. "आणि उद्यापासून दोनदा घास."