नखाएवढी जागा

सल्लागाराने देशाच्या नकाशावर अंगठा टेकवला आणि नखाभोवती पेन्सिलीने चौकोन ओढला. एवढ्या जागेत सोलर पॅनल अंथरले की अख्ख्या देशाला वीज पुरेल, असं त्याचं म्हणणं. खर्चाच्या तक्त्यात पॅनल होते, खांब होते, तारा होत्या, रात्रीसाठी बॅटऱ्या होत्या. जमिनीपुढे मात्र शून्य. जमीन ओसाड, तिला कसली किंमत?

मोजणीदार गालात हसला. तीस वर्षं साखळी ओढून त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, आणि हे कालचं पोरगं अंगठ्याने देश मोजत होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. हा उंटावर चढायचीही तसदी घेत नव्हता. हे नख पायी ओलांडायला किती दिवस लागतील, असं त्याने विचारलं. मग उत्तराची वाट न बघता मोजणीदारानेच गाडी मागवली. याला एकदा भर उन्हात उभा करायचा, एवढाच त्याचा हेतू.

पहाटे निघालेली गाडी दुपार झाली तरी चौकोनाच्या मध्यावरच होती. तिथे दगड रचून केलेले मेंढ्यांचे वाडे लागले, हाताने खणलेलं तळं लागलं आणि उताराला टेकून बसलेली बुटकी घरं. एक म्हातारी मेंढीची लोकर कातरत होती. तिने हातातलं काम टाकून दोघांना पाणी दिलं. सल्लागार पाणी पिता पिता घरांकडे बघत राहिला. मोजणीदाराला तर पर्वणीच.

"आजी, यांना जरा सांगा, इथे कुणी राहतं का?"

"मग मी काय भूत आहे?" म्हातारी म्हणाली.

तिच्या सासूची सासूही याच घरात नांदली होती. मग सरकारी कागदावर गावाचा पत्ता कसा नाही, असं सल्लागाराने हळूच विचारलं. फार वर्षांपूर्वी एक साहेब मोजायला आला होता, असं तिने सांगितलं. उन्हाळा होता. गाडीची काचही खाली न करता तो तसाच माघारी गेला.

"ऐकलंत?" मोजणीदार म्हणाला. "असल्यांच्या भरवशावर तुम्ही देश उजळणार. कोण होता तो दिवटा, दाखवा तरी कागद."

सल्लागाराने पिशवीतून जुन्या मोजणीचा कागद काढून दिला. 'ओसाड. वस्ती नाही. समक्ष पाहणी केली.' खाली तीस वर्षांपूर्वीची तारीख आणि सही. शेवटच्या अक्षराचं शेपूट वर वळवलेलं, पुढे दोन टिंबं. मोजणीदार आजही तशीच सही करत असे.

त्या वर्षी तो नोकरीत नवा होता. ऊन आठवलं, घरं काही केल्या आठवेनात.

सल्लागार खांद्यावरून वाकून वाचत होता. ही सही तो गेले दोन महिने रोज फायलींवर बघत होता. त्याने कागद अलगद काढून घेतला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"ऊन फार आहे, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही गाडीत बसा. मी घरं मोजून येतो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो म्हातारीबरोबर उतार चढू लागला. मोजणीदार गाडीत बसला नाही. पण त्यांच्या मागे जायला त्याचं पाऊलही उचलेना.