तांडेलिणीचा डावा डोळा

शुक्रवारची सकाळ. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मंजुळाबाईंच्या घरात रोजचीच कामं चालली होती. मंजुळाबाई बाजारातून परतून ओट्यावर मासळीची पाटी घासत होत्या. सून नमिता आत भाकऱ्या थापत होती. आणि पूर्वी नावाची त्यांची मुलगी खिडकीजवळच्या टेबलावर एका बाईचा डोळा फोडत होती.

घाबरू नका, बाई कागदावरची होती. ही पूर्वी अंधेरीतल्या एका कॉमिक्स कंपनीसाठी घरी बसून चित्रं काढायची. तिने काढलेल्या या वीरांगनेचं नाव होतं तांडेलीण. होडी हाकणाऱ्या, वारा ओळखणाऱ्या माणसाला कोळीवाड्यात तांडेल म्हणतात. त्या जागेवर बाई कधी कुणी पाहिलेली नाही. तांडेलीण म्हणायचं ते त्याच्या बायकोला. पूर्वीच्या मनात हे लहानपणापासून सलत होतं, म्हणून तिने स्वतः होडी हाकणारी, वारा मुठीत धरणारी तांडेलीण काढली. घट्ट कसलेलं कोळी लुगडं, सपाट अनवाणी पाय, आणि दंड थेट आईचे. बर्फातल्या मासळीने भरलेल्या पाट्या तीस वर्षं उचलून मंजुळाबाईंचे दंड एखाद्या खलाशासारखे झाले होते.

"कॅरेक्टर झकास आहे," कंपनीचे संपादक चंद्रप्रकाश तेव्हा म्हणाले होते. "फक्त ते दंड कमी कर, यार. पहिलवान वाटते."

पूर्वीने दंड कमी केले. पहिलंच काम होतं, नाही म्हणायची हिंमत कुठली? दुसऱ्या अंकात कंबर गेली, तिसऱ्यात लुगडं. कंपनीच्या रुद्रांग नावाच्या वीराला मानेपासून घोट्यापर्यंत पोलादी चिलखत होतं. तांडेलीण मात्र भर दर्यात, खारा वारा आणि तलवारी अंगावर घेत, दोन रुमालांएवढ्या कापडात उभी राहायची. शत्रू पोटावर वार करणार नाही अशी तिची श्रद्धा असावी. उभी तरी कशी, तर छाती आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दिसतील अशी पिळवटून. हाडामांसाची बाई तशी उभी राहिली तर तिला आडवीच करून दवाखान्यात न्यावी लागेल.

चौथ्या अंकात तांडेलिणीने आठ पानं मार खायचा होता. सलग आठ पानं. मग रुद्रांग येणार होता.

चित्रकाराला समोर काहीतरी लागतं. हात कसा वळतो, पडलेलं माणूस कुठल्या कुशीवर पडतं, हे मनाने काढलं की खोटं दिसतं. म्हणून चित्रकार फोटो काढून ठेवतात. बहुतेक जण आरशासमोर स्वतःच वेडीवाकडी तोंडं करतात. पूर्वीला तशी गरज पडली नाही. तिच्या घरात नमिता होती, आणि नमिताला पूर्वीचा मोठा भाऊ अल्पेश मारायचा.

पहिल्यांदा, सोळा महिन्यांपूर्वी, वहिनी सुजलेला डोळा घेऊन बाहेर आली तेव्हा पूर्वी भरल्या ताटावरून उठली होती. ती रडलीसुद्धा. पण रडता रडता तिला दिसलं, की लाल रंग पापणीच्या आत जास्त गडद आहे, आणि तिचा हात फोनकडे गेला. त्यानंतर सवय लागली. कुठला माराचा वळ किती दिवसांनी जांभळा होतो आणि कधी कडेने हिरवट पिवळा पडतो, हे तिला आता तोंडपाठ होतं. फोटो 'संदर्भ' नावाखाली तारखेसकट जपून ठेवलेले होते.

"वहिनी, जरा खिडकीकडे तोंड कर ना," पूर्वीने हाक मारली.

नमिता पिठाच्या हाताने दारात आली. तिचा डावा डोळा अर्धाच उघडत होता. "परत? अगं, तव्यावर भाकरी आहे."

"दोन मिनिटं. काल जास्त सुजला होता का?"

"काल तर उघडतच नव्हता." दूध उतू गेल्याचं सांगावं तशा आवाजात नमिता म्हणाली. मग जरा हसली, तेव्हा तिचा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसला. गेल्या शिमग्याला अल्पेशच्या हाताने तुटलेला. "तुझी ती बाई तरी उलटून मारते ना गं त्याला?"

"मग रुद्रांग येतो ना," पूर्वी म्हणाली, आणि फोटो काढला.

नमिताचं माहेर मढला. खाडी ओलांडली की झालं, फेरीबोटीने पाच मिनिटं. दोनदा ती रडत गेली होती, दोन्ही वेळा तिच्या बापाने तिला चहा पाजून पुढच्याच बोटीत बसवलं होतं. इकडे मंजुळाबाईंचं म्हणणं, "घरातला घरात ऱ्हावा." त्यांनी नवऱ्याच्या, धर्माच्या हातचा मार तो मरेपर्यंत, तीस वर्षं, खाल्ला होता आणि एका शब्दाने बाहेर सांगितला नव्हता. गल्लीतही हीच रीत होती. ओरडा ऐकू आला की लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे, आणि दुसऱ्या दिवशी नमिताला विचारायचे, बोंबील कसे दिले?

महिन्याभराने चौथा अंक छापून आला. मुखपृष्ठावर तांडेलीण गुडघ्यावर, ओठ फुटलेला, डावा डोळा सुजलेला. चंद्रप्रकाशांनी फोनवर तोंडभरून कौतुक केलं. "काय रिअल आलंय, पूर्वी! अंगावर काटा आला." पूर्वी दिवसभर हवेत होती.

रविवारी दुपारी अल्पेश धक्क्यावर जाळं विणायला बसला होता. त्याच्या शेजारी बसणाऱ्या लवूच्या हातात तो अंक पडला. लवूने तो उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्याने हसला. "अल्पेश, ही तर आपली वहिनी रे! तो दात बघ. आणि कपडे बघ!" अंक हातोहात फिरला. कुणीतरी शिट्टी मारली.

पूर्वीने कंबर बदलली होती, दंड बदलले होते, कपडे बदलले होते. चेहरा मात्र, खरा वाटावा म्हणून, जसाच्या तसा ठेवला होता. आपण काय केलंय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. एखाद्याचं दुखणं इतके दिवस नुसतं बघत राहिलं, की ते कुणाचं आहे हे डोळ्यांना दिसेनासं होतं.

अल्पेश घरात शिरला तो अंक मुठीत चुरगाळूनच. नमिता विळीवर बसून पापलेट साफ करत होती. त्याने तिला केसांना धरून उठवलं.

"फोटो काढायला बसतेस? गावाला उघडी दाखवतेस?"

"मी नाय हो... मला काय ठाऊक..."

पहिला गुद्दा तोंडावर बसला. दुसरा पोटात. नमिता दुमडली, तशी त्याने तिला भिंतीवर आदळली. फळीवरची भांडी खाली आली. पूर्वी टेबलाजवळून धावली. "दादा, मी काढलंय ते! तिचा काही संबंध नाही, माझं चित्र आहे!"

"तुला मागून बघतो." त्याने तिला एका हाताने ढकललं. ती टेबलाच्या कडेवर आपटली, कपाळातून रक्त आलं. शाईची बाटली लादीवर फुटली.

"मधी नको परू गो," दारातून मंजुळाबाई म्हणाल्या. तीस वर्षांची सवय बोलली. "नवराबायकोचा हाय तो."

अल्पेश आता लाथा मारत होता. नमिता हाताने तोंड झाकत होती, तर तो हात ओढून काढून तिथेच मारत होता. डावा डोळा. कालपर्यंत नुसता सुजत होता, आज त्यातून काहीतरी ओघळत होतं. पूर्वीने हे सगळं आठ पानांवर काढलं होतं. त्यात ओरडा मोठ्या अक्षरांत होता. खऱ्या नमिताला ओरडायला श्वासच उरला नव्हता. तिच्या घशातून नुसता घरघरल्यासारखा आवाज येत होता.

पूर्वी गल्लीत धावली. "कोणी या! मरेल ती! या ना कोणी!" दारात माणसं होती. लवू होता, आणखी चौघे होते, समुद्रात वादळाला तोंड देणारी माणसं. एकाने मान खाली घातली. एक म्हणाला, "घरातलं भांडण आहे, पूर्वी. आपण कसं पडणार?" कुणीही पाऊल उचललं नाही. रुद्रांग येतो ना, असं सांगितलं होतं तिने वहिनीला.

ती परत आत आली तेव्हा अल्पेशने पाटा उचलला होता. मसाला वाटायचा, दोन हातांनी उचलावा लागणारा दगडी पाटा. तो डोक्याच्याही वर गेला, आणि तिथेच थांबला.

मंजुळाबाईंनी मागून त्याची दोन्ही मनगटं धरली होती.

"सोर," त्या म्हणाल्या.

"आये, बाजूला हो!"

"सोर म्हनते ना!" त्यांचे दंड टरारले. पस्तिशीतला, धक्क्यावर सगळ्यांत ताकदवान म्हणवणारा त्यांचा मुलगा हिसके देत होता, आणि ती साठीची बाई त्याची मनगटं मागे पिरगाळत होती. पाटा त्याच्याच पायावर पडला. तो कळवळून खाली बसला, तशा त्या गुडघा त्याच्या पाठीवर रोवून त्याला लादीवर दाबून बसल्या. त्या रडत होत्या. "तुज्या बापाचा हात मीनी तवाच धराला पायजे होता," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तवाच धराला पायजे होता."

पूर्वीने फोन उचलला. या वेळी फोटोसाठी नाही, पोलिसांसाठी.

नमिता वाचली. जबड्याचं हाड मोडलं होतं, दोन फासळ्या गेल्या होत्या. डाव्या डोळ्याला पुन्हा दिसणार नाही, असं डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. पट्ट्यांमधून तिने पूर्वीकडे एका डोळ्याने पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पूर्वी सोळा महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे नुसती वहिनी म्हणून बघत होती, आणि वहिनीला आता तिने बघायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पूर्वी मंजुळाबाईंबरोबर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली असताना चंद्रप्रकाशांचा फोन आला.

"पूर्वी, अंक संपला सगळीकडे! परत छापतोय. ऐक, पुढच्या अंकात तांडेलीण मरते. हळूहळू, बारा पानं. मग रुद्रांग पेटून उठतो. तुझी मार खाल्लेली बाई जबरदस्त असते, यार."

अंक खपला होता. म्हणजे तुम्हीआम्हीच तो विकत घेतला होता, चाळला होता, त्या आठ पानांवर जरा जास्त वेळ थांबलो होतो.

"सर, मी ती पानं काढणार नाही," पूर्वी म्हणाली.

"का? काय झालं?"

"एक बाई मरणार, का, तर पुरुषाला राग यावा म्हणून? तिला स्वतःला राग येत नाही का? मी नाही काढणार. दुसऱ्या कुणाला देणार असाल तर एवढं सांगते, तो चेहरा माझ्या वहिनीचा आहे. तो छापलात तर मी पहिली तक्रार तुमची करेन."

तिने फोन ठेवला. मग दोघी आत गेल्या.

आत फौजदार बाई जबाब घेत होत्या. "आधीच्या मारहाणीचा काही पुरावा?"

पूर्वीने 'संदर्भ' उघडून फोन पुढे केला. एकेचाळीस फोटो. बाई एकेक सरकवत गेल्या. लाल, जांभळा, हिरवट. शिमग्याचा दात. "तारखा आहेत. फार उपयोगी पडतील," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "पण सोळा महिने फोटो काढलेत आणि तक्रार एकदाही नाही. मग काढत कशाला होतात?"

पुरावा म्हणून जमवत होते, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. शेजारी बसलेल्या मंजुळाबाईंनीही तिच्याकडे तशाच आशेने पाहिलं.

"चित्रासाठी," पूर्वी म्हणाली. "मार खाल्लेली बाई मला नीट काढता यावी म्हणून."

बाईंचं पेन थांबलं. "हे जबाबात नको. समोरचा वकील फाडून खाईल तुम्हाला."

"खाऊ दे. लिहा, मॅडम. घरात आम्ही तिघी बायका होतो. एक मार खात होती आणि दोघी बघत होतो. असंच लिहा."

बाईंनी तसंच लिहून घेतलं. पूर्वीने सही केली. मंजुळाबाईंनी तो कागद आपल्याकडे ओढला आणि पेनासाठी हात पुढे केला.

"यावर नाही चालणार, मावशी," फौजदार बाई म्हणाल्या. "तुमचा जबाब वेगळा घ्यावा लागेल."

मंजुळाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची टेबलाजवळ सरकवली.

"घे मंग. पन कागद जास्ती आन गो, पोरी. माजा तीस वर्सांचा हाय."