आईच्या प्रार्थनेतली माणसं

आई गेली तेव्हा धाकटी चष्म्याच्या दुकानात एका म्हाताऱ्या मास्तरांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. फोन आला, तिनं ऐकला, "बरं" म्हणाली आणि मास्तरांच्या कानामागची दांडी आणखी जरा वाकवून दिली. "टोचत नाही ना?" तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, नाही. मग ती घरी गेली. त्यानंतर माणसं आली, माणसं गेली, थोरल्या भावानं सगळं व्यवस्थित पार पाडलं, आणि धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. वहिनी येईल त्याला सांगत होती, तिनं धसका घेतलाय. धसका कसला डोंबलाचा? नव्वदी ओलांडलेली बाई झोपेत गेली होती. धाकटीला काहीच वाटत नव्हतं, एवढंच. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसं झालं होतं.

आईचा हात सढळ होता, हे सगळी गल्ली सांगेल. घरात आलेली वस्तू घरात टिकली तर शपथ. धाकटीनं पहिल्या पगारातून घेतलेला लोकरीचा कोट आठवड्याच्या आत समोरच्या धोबिणीच्या अंगावर गेला. "तिला खोकला आहे गं," आई म्हणाली. तो हिवाळाभर धाकटी कुडकुडत कामावर जायची आणि वाटेत तिला स्वतःचा कोट भेटायचा. बरं, द्यायला वस्तू उरल्या नाहीत की आई धाकटीलाच वाटायची. "आणा तो चष्मा इकडं, माझी लेक करून देईल." मग सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कुणाचा निसटलेला स्क्रू, कुणाची मोडलेली दांडी, मान खाली घालून बसलेली धाकटी, आणि शेजारी आई आलेल्याला चहाचा आग्रह करतेय. चष्मा नाकावर चढवून माणसं आईला दुवा देत जिना उतरायची.

आणि आई भाविकही तशीच. उजाडायच्या आत उठायची, खिडकीपाशी खुर्ची ओढायची, डोळे मिटायची आणि एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायची. कानांनी दगा दिला तशी तिची प्रार्थना चांगलीच खणखणीत झाली. खालचा पाववाला भट्टी सोडून बाहेर येऊन उभा राहायचा आणि आपलं नाव झालं की मगच आत जायचा. ज्यांच्याशी बिनसलं असेल त्यांची नावं आई जरा जास्तच मोठ्यानं घ्यायची, म्हणजे देवाबरोबर त्यांनाही ऐकू जावं. दादा, वहिनी, नात, धोबीण, पाववाला, पोस्टमन, पोस्टमनची लंगडी कुत्री. क्रम ठरलेला होता.

त्यात धाकटीचं नाव नव्हतं. कधीच नव्हतं.

लहानपणी तिला वाटायचं, आपण झोपेत असताना येऊन जात असेल. म्हणून ती जागी राहायला शिकली. पुढे मोठी झाल्यावर आपण काही वाट बघत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. पण तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं त्या सकाळी ती अंथरुणात कान टवकारून पडून राहिली. आज तरी घेईल. आईनं डॉक्टरांचं नाव घेतलं, त्यांचा हात थरथरू देऊ नकोस म्हणाली. मग भूल देणाऱ्या बाईंचं. मग दवाखान्यात सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याचं. मग कुत्रीचं, आणि प्रार्थना संपली. विचारायचं म्हणून कितीदा ओठांवर आलं. पण देवापाशी माझं नाव का घेत नाहीस, हे पन्नाशीच्या बाईनं आईला कोणत्या तोंडानं विचारावं? ते राहिलं ते राहिलंच. आता विचारायला आईच नव्हती.

सगळं आटोपल्यावर एका सुट्टीच्या दिवशी दादानं आईच्या माणसांना घरी बोलावलं. भाषणं करायची नाहीत, असं त्यानं आधीच बजावलं होतं.

"आपण तिची प्रार्थना म्हणू," तो म्हणाला. "ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं. चिमणे, तू म्हण." तो धाकटीकडे वळला.

"दुसरं कुणीतरी म्हणा ना, दादा."

"दुसऱ्या कुणाला पाठ आहे?"

खरंच कुणाला नव्हती. धाकटी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणू लागली. दुकानात गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं वाचतं, त्या सुरात. दादा उठला, वहिनी उठली. धोबीण गुडघ्यावर हात रोवून उठली. पाववाला तर उठताना ढसाढसा रडायलाच लागला. कुत्रीचं नाव आलं तेव्हा पोस्टमननं तिला कडेवर घेतलं, आणि रडता रडता सगळे हसले. बघता बघता खोलीतलं प्रत्येक माणूस उभं होतं.

"झालं," धाकटी म्हणाली.

"आत्या, तुझं राहिलं," भाची म्हणाली.

"राहिलं नाही. नव्हतंच."

दादा हसला. "असं कसं नसेल? विसरली असशील तू."

"मी विसरेन का, दादा?"

सगळे खाली बघू लागले. वहिनीनं तेवढी मान वर केली.

"मी विचारलं होतं आईंना एकदा," ती म्हणाली. "म्हणाल्या, आपण स्वतःसाठी काही मागू नये. मी म्हटलं, अहो, पण धाकटीसाठी? तर म्हणाल्या, अगं, ती म्हणजे मीच की. तिला मी वेगळी कुठं धरते?"

पाववाला म्हणाला, केवढं भाग्य तुमचं. आता धाकटीचा बांध फुटणार म्हणून सगळे तिच्याकडे बघत राहिले. धोबिणीनं तर पदराचं टोक पुढं केलं होतं. धाकटीनंही वाट पाहिली. जन्मभर जे ऐकायचं होतं ते आत्ता ऐकलं होतं, आणि ते तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं निघालं होतं. आईनं तिला परकी मानलं नव्हतं, कमी लेखलं नव्हतं. मोजलंच नव्हतं.

"वेगळी धरायला हवी होती," ती म्हणाली.

"अगं, तिचा जीव होता तुझ्यावर," दादा म्हणाला. "म्हणून तर..."

"जीव होता, दादा. मला माहीत आहे. पण मी वेगळी होते."

तिचा आवाज चढला होता. त्या घरात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. कुत्री पोस्टमनच्या कडेवरून धडपडत खाली उतरली. दादा धाकटीला शांत करायला पुढं आला, तर तिनं हात आडवा धरून त्याला थांबवलं. तिला राग आला होता. कानशिलं तापली होती, तळहाताला घाम फुटला होता, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच आई गेली, आई खरंच गेली, हे तिला कळत होतं.